दगडाला जबाब विचारता येत नाही

गोवंडीत आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर गेलं की दोन डोंगर दिसतात.

एक ट्रॉम्बेचा. जुनी माणसं त्याला तुर्भ्याचा डोंगर म्हणतात. काळा कातळ, पावसाळ्यात वरून हिरवा, सुमारे ३०० मीटर उंच. पायथ्याशी भाभा अणुसंशोधन केंद्र आहे, त्यामुळे जन्मापासून बघतोय पण चढलो एकदाही नाही. दुसरा देवनारचा, कचऱ्याचा. १९२७ पासून शहर तिथे कचरा टाकतंय. जानेवारी २०१६ मध्ये तो पेटला तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. खिडक्यांच्या फटींत ओली फडकी कोंबून आम्ही घरात बसलो होतो आणि तो धूर उपग्रहांनी काढलेल्या फोटोंतही दिसत होता.

पहिला डोंगर कुणीच केलेला नाही. दुसरा सगळ्यांनी मिळून केलाय. पण यातल्या कुठल्याही डोंगरामुळे माणसांचं काही वाईट झालं आणि तुम्ही विचारलंत, की याला जबाबदार कोण, तर उत्तर एकच मिळतं: आता कुणाला धरणार?

या उत्तरावर मी दोन वर्षं विचार करतोय. कारण आहे तिसरा डोंगर, जो आमच्या गच्चीवरून दिसत नाही. त्यावर माझी मावशी राहते.

*

मावशीचं घर विक्रोळीला, पार्कसाइटच्या टेकडीवर. रिक्षा जिथे थांबते तिथून एकशे बारा पायऱ्या. एक खोली, वर पोटमाळा, आणि मागच्या भिंतीपासून तीन फुटांवर उभा कापलेला दगड. लहानपणी मे महिन्यात आम्ही तिथे राहायला जायचो तेव्हा त्या दगडाला पाठ टेकून बसायचो. भर दुपारी तो गार असायचा.

दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर गल्लीत एक नोटीस लागते. मजकूर साधारण तोच असतो: ही जागा धोकादायक आहे, रहिवाशांनी सुरक्षित ठिकाणी निघून जावं, न गेल्यास होणाऱ्या जीवितहानीची जबाबदारी त्यांची राहील. कुठे जावं, ते लिहिलेलं नसतं. मावशी त्या कागदाला 'पावसाची पत्रिका' म्हणते.

दोन वर्षांपूर्वी जुलैमध्ये रात्री दोन वाजता मावसभावाचा फोन आला. "मागून चिखल येतोय." मी बाइक काढली. पोचलो तेव्हा पायऱ्यांवरून ओढा वाहत होता. मावशीला आणि शेजारच्या दोन म्हाताऱ्यांना धरून धरून खाली समाजमंदिरात आणलं. सकाळी परत वर गेलो, तर मागची भिंत फोडून कळशीएवढा एक दगड आत आला होता आणि सिलेंडरला टेकून थांबला होता. कुणालाही खरचटलंसुद्धा नव्हतं. बातमी वगैरे काही आली नाही. येण्यासारखं काही घडलंच नव्हतं.

चहा पिताना मावशी म्हणाली, "तू इंजिनिअर ना? मग सांग, हा डोंगर पडणार का?"

"मावशी, मी कॉम्प्युटरचा इंजिनिअर आहे."

"मग त्यात बघून सांग."

*

मग मी बघितलं. आधी गूगलवर, मग पुस्तकांत, मग रविवारी टेकडीवर हिंडून.

मुंबई ज्या दगडावर बसलीय तो लाव्हा आहे, हे आपण शाळेत शिकतो आणि विसरतो. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला, पसरला, थिजला. त्यावर पुन्हा आला, पुन्हा थिजला. असे थरावर थर साचून दख्खनचं पठार झालं. त्यातला झिजून उरलेला भागच आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भरतो. सह्याद्रीच्या घाटात हे थर जवळजवळ आडवे दिसतात. पनवेलच्या पट्ट्यात ते वाकतात आणि मुंबईकडे येताना पश्चिमेला, समुद्राकडे कललेले असतात. अंधेरीचा गिल्बर्ट हिल बघितला असेल तुम्ही. एकमेकांना चिकटून उभे केलेले काळे खांब वाटतात. लाव्हा थंड होताना आकसतो आणि आकसताना त्याला उभ्या भेगा जातात. ते खांब म्हणजे त्या भेगांमधला दगड.

मला सगळ्यात जास्त धक्का एका साध्या गोष्टीने दिला. टेकडी ही 'वर आलेली' असते असं मला वाटायचं. आपल्याकडच्या बहुतेक टेकड्या वर आलेल्या नाहीत, त्या उरलेल्या आहेत. पाणी मऊ भाग खाऊन जातं, कठीण भाग मागे राहतो. तापीच्या खोऱ्यात, धुळे-नंदुरबारकडे, हे फार स्पष्ट दिसतं. तिथे जुन्या भेगांमध्ये घट्ट झालेल्या लाव्ह्याच्या भिंती आहेत. आजूबाजूचा दगड झिजून गेला आणि त्या भिंती लांबच लांब कण्यासारख्या सपाटीवर उभ्या राहिल्या. पवई, विक्रोळी, घाटकोपरची आपली रांगही अशीच उरलेली. तिच्या पश्चिम उतारावर पडलेला पाऊस मिठी नदीत जातो आणि माहीमला समुद्राला मिळतो. पूर्व उतारावरचा नाल्यांतून ठाण्याच्या खाडीत. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मिठीने घरं बुडवली ती आपल्याला आठवतात. पण खोऱ्यात आलेलं बरंचसं पाणी आधी अशा टेकड्यांच्या अंगावरूनच उतरलेलं असतं.

आता मावशीचा प्रश्न. लाव्ह्याचा प्रत्येक थर आतून एकसारखा नसतो. मधला भाग घट्ट असतो, वरचा वायूच्या बुडबुड्यांमुळे जाळीदार. दोन थरांच्या मध्ये कधीकधी विटेसारख्या लाल मातीची पट्टी सापडते. एक लाव्हा थंड झाल्यावर दुसरा येईपर्यंतच्या काळात झालेली ती माती. वरचा दगड ऊनपावसाने कुजून मुरूम होतो. पाणी मुरमातून आणि भेगांतून खाली उतरतं आणि जिथे घट्ट थर लागतो तिथे अडतं. बाहेर पडायला वाट मिळाली तर ठीक. नाही मिळाली तर ते आत साठतं, मुरमाला जड करतं, आतून ढकलतं. अशा वेळी खालचा पायथा कापलेला असेल, तर वरच्या भाराला टेकायला काही उरत नाही. मग तो येतो.

हे कळल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं. उत्तर सापडलं होतं. मग लक्षात आलं, की मावशीच्या प्रश्नाचं अर्धंच उत्तर सापडलंय, आणि तेही सोपं अर्धं.

*

आमच्या धंद्यात काही कोसळलं, म्हणजे सर्व्हर बंद पडला किंवा लोकांचे पैसे अडकले, की नंतर एक बैठक होते. तिला पोस्टमॉर्टम म्हणतात. तिथे 'का' हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायचा असतो. मी मावशीच्या घरातल्या त्या दगडाचं पोस्टमॉर्टम करायला बसलो.

दगड का आला? मुरूम सुटला म्हणून. का सुटला? आत पाणी भरलं. का भरलं? वरचा पाण्याचा चर कचऱ्याने तुंबला होता. चर साफ का नव्हता? तो कुणाच्याच यादीत नव्हता. पायथा का कापलेला होता? आधी कुणीतरी दगड काढला, मग उरलेल्या सपाटीवर खोल्या झाल्या. दगड का काढला? शहराला खडी हवी होती. खोल्या तिथेच का झाल्या? खाली परवडत नव्हतं. दुसरीकडून विचारलं तर: दगडात भेगा का होत्या? लाव्हा आकसला. लाव्हा का आला? पृथ्वीच्या पोटात उष्णता होती.

ही साखळी कुठेच तुटत नाही. आणि मला कळलेली महत्त्वाची गोष्ट ही, की ती कुठे तोडायची ते दगड सांगत नाही. ते आपण ठरवतो, आणि बहुतेक वेळा आपल्याला सोयीचं असेल तिथे तोडतो.

जुलै २००० मध्ये घाटकोपरच्या आझादनगरात दरड कोसळून साठहून जास्त माणसं गेली. १८ जुलै २०२१ च्या पहाटे चेंबूरच्या भारतनगरात आणि विक्रोळीत मिळून पंचवीसहून जास्त. भारतनगर आमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर आहे. ३० जुलै २०१४ ला माळीण गेलं, दीडशे माणसांसकट. दर वेळी कुणीतरी साखळी पावसापाशी तोडली आणि 'नैसर्गिक आपत्ती' म्हटलं. कुणी ती राहणाऱ्यांपाशी तोडली आणि 'अतिक्रमण' म्हटलं. मावशीच्या गल्लीतली नोटीसही तेच करते. सहा कोटी वर्षं, एक शहर, शेकडो निर्णय, आणि जबाबदारी शेवटी एकशे बारा पायऱ्यांच्या वर राहणाऱ्या बाईची.

'जबाबदार' या शब्दात 'जबाब' आहे. जो जबाब देतो, ज्याला विचारता येतं, तो जबाबदार. दगडाला विचारता येत नाही. म्हणूनच दगडापाशी थांबणं इतकं सोयीचं पडतं. तिथून कुणी उत्तर देणार नसतं.

*

१५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. गांधीजी म्हणाले, ही अस्पृश्यतेच्या पापाची ईश्वराने दिलेली शिक्षा आहे. रवींद्रनाथ टागोरांनी जाहीरपणे विरोध केला. अस्पृश्यता त्यांनाही नकोच होती, पण निसर्गातल्या घटनेला नैतिक कारण चिकटवणं त्यांना मान्य नव्हतं. गांधीजींनी तो विरोध 'हरिजन'मध्ये छापला आणि खाली आपलं उत्तरही दिलं.

कॉलेजात हे वाचलं तेव्हा मी सरळ टागोरांच्या बाजूने होतो. आजही आहे. खडक पाप-पुण्य बघून हलत नाही. पण मावशीच्या गल्लीत दारांवरची आडनावं वाचत चढलो की वाटतं, गांधीजींच्या चुकीच्या वाक्याच्या शेजारी एक बरोबर वाक्य उभं होतं. दरड कोसळण्याचं कारण जात नाही. पण दरडीखाली कुणाचं घर असतं, याचं कारण जात असू शकते. गावात ज्यांना गावकुसाबाहेर जागा मिळाली, त्यांच्यातल्या पुष्कळांना शहरात उतारावर मिळाली. उरलेल्या टेकडीवर उरलेली माणसं.

*

इथपर्यंत लिहून मी हा लेख संपवू शकलो असतो. त्यात मी कुठेच नव्हतो, त्यामुळे तो चांगला सफाईदार झाला असता.

पण माझे पप्पा डंपर चालवायचे. मी शाळेत जायच्या आधीपासून मी इंजिनिअरिंगला जाईपर्यंत. खाडीपलीकडच्या खाणींतून खडी भरायची आणि शहरात साइटवर टाकायची. सुरुंग लावून डोंगर फोडतात, दगड क्रशरमध्ये जातो, जाळ्यांवरून चाळून खडी आणि कच वेगळी होते. हिशोब ब्रासमध्ये: १०० घनफूट म्हणजे एक ब्रास. मला पाढ्यांच्या आधी ब्रासचे हिशोब यायचे. पप्पा रात्री घरी आले की त्यांच्या शर्टाला करडी भुकटी असायची. आई ती दारातच झटकायला लावायची. माझ्या चार वर्षांच्या फीमध्ये किती ब्रास डोंगर गेला, हे मी एकदा काढून बघितलं होतं. आकडा इथे लिहीत नाही. तो मोठा आहे.

ऑफिस पवईत आहे. पवई-चांदिवलीत एके काळी दगडखाणी होत्या. माझ्या मजल्यावरच्या काचेतून मावशीच्या टेकडीची मागची बाजू दिसते. ज्या खांबांवर तो मजला उभा आहे, त्यातही कुठल्यातरी डोंगराची खडी आहे.

पप्पांना मी विचारलं, "तुम्हाला कधी वाटलं का, आपण डोंगर फोडतोय?"

ते म्हणाले, "खडी नसती तर तुझं कॉलेज कशाने बांधलं असतं? आणि मावशीची खोली?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. काँक्रीट मावशीच्या खोलीतही आहे. पप्पा दोषी नाहीत. त्यांनी एकही बेकायदा काम केलं नाही, कुणाचं वाईट चिंतलं नाही. मीही दोषी नाही. मग विषय संपला का?

आयरिस मॅरियन यंग नावाच्या अमेरिकन विचारवंत बाई होत्या. २००६ मध्ये वारल्या. त्यांचं 'रिस्पॉन्सिबिलिटी फॉर जस्टिस' हे पुस्तक त्यानंतर, २०११ मध्ये आलं. त्यांनी दोष आणि जबाबदारी अशा दोन गोष्टी वेगळ्या केल्या. दोष मागे बघतो: कुणी काय केलं. जबाबदारी पुढे बघते: आता काय बदलायचं आणि कुणी. हजारो माणसं आपापली रोजची, नियमात बसणारी कामं करतात आणि त्या सगळ्यातून कुणावर तरी अन्याय होतो. अशा वेळी एकाला दोषी ठरवणं चुकीचं आणि 'कुणीच नाही' म्हणणंही चुकीचं. त्या व्यवस्थेत भाग घेणाऱ्या सगळ्यांची जबाबदारी असते, पण सारखी नसते. ज्याच्या हातात ताकद जास्त, ज्याला फायदा जास्त, त्याची जास्त.

यावर एक आक्षेप आहे आणि तो मला गच्चीवरून रोज दिसतो. सगळ्यांची जबाबदारी म्हणजे कुणाचीच नाही. देवनारचा डोंगर सगळ्यांनी मिळून केला. प्रत्येकाची फक्त एक पिशवी. म्हणून तर तो तसाच उभा आहे.

हा आक्षेप खरा आहे. मला त्यावर उत्तर तत्त्वज्ञानात सापडलं नाही. ते ऑफिसात सापडलं.

पहिल्या नोकरीत माझ्या एका बदलामुळे रात्री चाळीस मिनिटं सगळं बंद पडलं होतं. दुसऱ्या दिवशी पोस्टमॉर्टमला जाताना माझे पाय थरथरत होते. कुणीही ओरडलं नाही. आमच्याकडे त्या बैठकीचा नियमच आहे, दोष द्यायचा नाही. कारण दोष दिला की माणसं खरं सांगत नाहीत. पण त्या कागदाच्या शेवटी एक तक्ता असतो आणि तो भरल्याशिवाय बैठक संपत नाही. तीन रकाने: काम, मालक, तारीख. मालकाच्या रकान्यात 'टीम' किंवा 'सगळे' असं लिहिलेलं चालत नाही. एका माणसाचं नाव लागतं. ते नाव चूक करणाऱ्याचंच असतं असं नाही. ज्याला ते काम करता येईल त्याचं असतं.

दोष नको, पण मालक हवा. चाळीस मिनिटं बंद पडलेल्या सर्व्हरसाठी आपण एवढी शिस्त पाळतो. टेकडीसाठी उलटं करतो. दोष द्यायला मावशीचं नाव सापडतं आणि मालकाचा रकाना पावसाच्या नावावर सोडून देतो.

*

यंदा एप्रिलमध्ये मी मावशीकडे लॅपटॉप घेऊन गेलो. ती, मावसभाऊ आणि गल्लीतली चार माणसं बसली होती. आम्ही तक्ता केला. पहिली ओळ: वरच्या चरातला कचरा आणि माती काढणे. मालक: माझं आणि मावसभावाचं नाव. दोन नावं नियमात बसत नाहीत हे मी सांगितलं, तेव्हा त्याने माझं खोडायला लावलं. मग मी माझ्यासाठी दुसरी ओळ घेतली: भिंतीला पाणी निघायची भोकं आहेत ती मोकळी करणे, तारीख मेचा तिसरा रविवार. तिसरी: रात्री पाऊस वाढला की गल्लीत कुणी कुणाचं दार वाजवायचं. ती मावशीने घेतली. तिला झोप कमी आहे.

मग पुढच्या ओळी आल्या. पायथ्याला संरक्षक भिंत. वरच्या बाजूला पक्का नाला. आणि ज्यांना जायचंय त्यांना कामापासून फार लांब नसेल अशी घरं.

"मावशी, तू दिलं दुसरीकडे घर तर जाशील?"

"जवळ दिलं तर आज जाईन," ती म्हणाली. "लांब दिलं तर कामं जातील. मग तिकडे काय, सुरक्षित उपाशी बसू? दगडापेक्षा वीट मऊ, पण वीट तरी दाखवा."

मी लॅपटॉप तिच्याकडे वळवला. तिला मराठी वाचता येतं, हळूहळू. बोटाने ओळी मोजत ती खाली आली आणि थांबली.

"हा डोंगर पडणार का, ते नाहीच सांगितलंस तू."

"ते नक्की कुणालाच सांगता येत नाही. पाणी निघालं तर शक्यता कमी."

"बरं." तिचं बोट अजून स्क्रीनवरच होतं. "आणि हे इथे? या तीन ओळींत नाव नाही कुणाचं."

"तिथे कुणाची नावं लिहायची ते विचारायला जायचंय."

"कधी?"

मी तारखेच्या रकान्यात सोमवार लिहिला. विचारायला जाणाऱ्यांच्या नावांत तिने पहिलं स्वतःचं टाकायला लावलं, मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आणि तुझ्या पप्पांचं लिही. त्यांना डोंगरातलं कळतं."

घरी येऊन मी पप्पांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत. सोमवारी सकाळी मी उठलो तेव्हा ते इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे होते.